डिकीतली फळी

जळगावात उपनिरीक्षक असताना हाताळलेलं ते चोरीचं प्रकरण काही केल्या मनातून जात नाही. पुढे नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातले निम्मे विसरलो. हे मात्र फिर्यादीपासून मुद्देमाल परत करेपर्यंत जसंच्या तसं लक्षात आहे. नावं कोणाचीच देत नाही. त्यातली काही माणसं अजून आहेत आणि त्यांना सुखाने राहू द्यावं.

ऐंशीच्या दशकाची अखेर होती. मेहरूण भागात एका जिनिंग कारखानदाराचा बंगला होता. मूळचा शेतकरी कुटुंबातला माणूस, कापसाच्या धंद्यात वर आलेला. शहरात त्या वेळी श्रीमंतांकडेही साध्या देशी गाड्या असत. याच्याकडे परदेशी बनावटीची, थंड हवेची, मागच्या काचांना पडदे असलेली लांबलचक गाडी होती. चौकात ती थांबली की लोक सायकलवरून पाय टेकवून बघत. गाडी चालवायला वीसेक वर्षांपासूनचा मुसलमान ड्रायव्हर होता. चांगला धिप्पाड गडी, पांढरा गणवेश, डोक्यावर टोपी. गाडीला धूळ दिसली तर स्वतःच्या रुमालाने पुसणारा.

मालक फिर्याद द्यायला आले ते तावातावानेच. म्हणणं असं की, पत्नीला झाडांचा नाद आहे. वर्षातून एकदा ती ड्रायव्हरला घेऊन पारोळ्याच्या पुढे, धुळ्याच्या रस्त्याला असलेलं वनस्पती उद्यान पाहायला जाते. यंदाही गेली. उन्हाने हात सुजले म्हणून सोन्याच्या पाटल्या काढून गाडीत पर्समध्ये ठेवल्या. नंतर एका लग्नाला निघताना तिचे हात मोकळे दिसले, तेव्हा हे उघड झालं. गाडीत तिसरं कोणी नव्हतं.

"वीस वर्षं घरचा माणूस समजलो. त्यानं हात मारला," असं म्हणून त्यांनी सही केली. मी कलम ३८१ खाली, म्हणजे नोकराने केलेल्या चोरीचा, गुन्हा नोंदवला.

एक गोष्ट मला तेव्हाच खटकली होती. खानदेशात वैशाखाच्या उन्हात माणूस अंगणात पाऊल टाकताना विचार करतो. तिथे ही बाई बंद पडद्याच्या गाडीतून इतक्या लांब झाडांच्या पाट्या वाचायला जाते, तीही दरवर्षी याच दिवसांत! पण श्रीमंतांचे छंद आपल्याला कळत नाहीत, असं म्हणून मी तो विषय बाजूला ठेवला.

ड्रायव्हरला बोलावून विचारपूस केली. तो अदबीने उभा राहिला आणि एकच वाक्य बोलला, "साहेब, मी चोरी केली नाही. बाकी काही विचारू नका."

त्यानंतर खबर आली. उद्यानाच्या फाटकासमोर उसाच्या रसाचं दुकान होतं. तिथला माणूस आमच्या हवालदाराच्या ओळखीचा. त्याने सांगितलं की, ती मोठी गाडी बाईंना फाटकात सोडते आणि ड्रायव्हर एकटाच धुळ्याकडे निघून जातो. परततो तेव्हा मागच्या सीटवर एक तरुण बाई असते. उन्हं उतरल्यावर तिला गाडीतूनच परत सोडतो, आणि यंदा जाताना तिच्या हातात गाठोडं होतं.

ठाण्यात सगळ्यांचे डोळे चमकले. ड्रायव्हरचं धुळ्यात लफडं आहे, मालकिणीला उद्यानात बसवून हा मालकाच्या गाडीतून बाई फिरवतो आणि पाटल्या तिलाच दिल्या, अशी गोष्ट चहा संपायच्या आत तयार झाली. ड्रायव्हरला अटक केली आणि न्यायालयाकडून पोलीस कोठडी घेतली.

चौकशीत मी त्याच्यासमोर त्या बाईचा विषय काढला. त्याचा चेहरा पार उतरला.

"ती बाई कोण?"

"नाही सांगणार, साहेब."

"तुझी कोण लागते?"

"बहीण समजा."

जमादार मोठ्याने हसला. "अशा बहिणी लई पाहिल्या! साहेब, याला जरा आमच्या ताब्यात द्या."

मी दिलं नाही. मार खाऊन माणूस बोलतो खरा, पण आपल्याला हवं तेच बोलतो, आणि ते कोर्टात टिकत नाही. पण खरं सांगायचं तर माझाही संशय त्याच्यावरच होता. दुपारी त्याची बायको डबा घेऊन आली. त्या बाईबद्दलची कुजबूज तिच्या कानावर गेली असावी. तिने डबा शिपायाच्या हातात दिला आणि नवऱ्याकडे न बघता निघून गेली. गजाआड तो उभाच राहिला. डबा त्याने उघडला नाही. चोरीचा आळ त्याने निमूट सोसला होता, हा दुसरा मात्र त्याला लागला होता. तरीही तो बोलेना, आणि आरोपपत्र गेलं असतं तर त्याची नोकरी, अब्रू आणि संसार, तिन्ही जाणार होती.

त्याच संध्याकाळी गाडी जप्त करून पंचांसमक्ष तिची झडती घेतली. पाटल्या नव्हत्याच. डिकीत जुन्या चादरीत गुंडाळलेली एक लाकडी फळी आणि सुती दोर निघाला. जमादार म्हणाला, "गाडी ओढायचा दोर, जॅकखाली घालायची फळी." पण गाडी ओढायच्या दोराला तेल-वंगण लागतं. हा दोर धुऊन मऊ केलेला होता. फळीच्या दोन्ही टोकांना दोर बसायला खाचा होत्या आणि मधला भाग बसून बसून गुळगुळीत झाला होता.

मी शिंदखेड्याकडचा. आम्ही दोघे भाऊ आणि चार बहिणी. ती फळी कशाची हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. झोक्याची! आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी येतात आणि कडुलिंबाला झोके बांधले जातात. फिर्यादीतली तारीख मी कागदोपत्री कितीदा लिहिली होती, पण तो दिवस आखाजीचा होता हे तेव्हा ध्यानात आलं.

सकाळी बंगल्यावर गेलो. अंगणात मोठा लिंब होता. त्याच्या आडव्या फांदीची साल दोन ठिकाणी दोराने घासून झिजलेली, पण झीज जुनी, वरून नवी साल धरलेली. मी मालकांना सहज विचारलं, "मुलगी कुठे दिली?"

"मला मुलगी नाही," ते म्हणाले आणि आत निघून गेले.

शेजारच्या म्हाताऱ्याकडून बाकीचं कळलं. मुलगी होती. तिने जातीबाहेरच्या एका शिक्षकाशी लग्न केलं. तिचं नाव काढेल त्याला या घरात जागा नाही, असं बापाने सांगितलं होतं आणि तिच्या दोन्ही भावांनी मान डोलावली होती.

मालक कारखान्यावर गेल्यावर मी मालकिणीला भेटलो. सगळे त्यांना अक्का म्हणत. त्यांच्याशी साहेबी मराठीत बोललो असतो तर त्या दाराआडच राहिल्या असत्या. मी आमच्या खानदेशी बोलीत विचारलं, "अक्का, तुमना आंगनमा आखाजीले झोका कोन बांधे?"

त्यांनी खिडकीतून लिंबाकडे पाहिलं. "पोरना बाप बांधे," त्या म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून रडायला लागल्या.

मग सगळं बाहेर आलं. आखाजीला सासरी मुराळी, म्हणजे माहेरहून न्यायला कोणी, आल्याशिवाय लेक माहेरी निघत नाही. सख्खे भाऊ जाईनात, म्हणून ड्रायव्हर मुराळी होऊन धुळ्याला जायचा. पोर माहेरच्या गाडीतून उद्यानात यायची. तिथल्या लिंबाखाली अक्का सांजोऱ्यांचा डबा घेऊन बसलेल्या असायच्या. ड्रायव्हर झोका बांधायचा आणि लांब जाऊन उभा राहायचा. यंदा पोरीला दिवस गेले होते, म्हणून अक्कांनी तिला खाऊचं गाठोडं बांधून दिलं आणि स्वतःच्या पाटल्या तिच्या हातात घातल्या. नवऱ्याने विचारल्यावर सुचेल ते बोलल्या. तो ठाण्यात जाईल असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. आणि ड्रायव्हरने त्यांना बजावलं होतं, "अक्का, तुम्ही बोलू नका. मी बघून घेतो."

"तो गजाआड आहे," मी म्हणालो. "त्याची बायको त्याच्याकडं बघत नाही."

त्यांनी डोळे पुसले. "मी सांगसू. पन चोरीछुपी नही. तेसनासमोर सांगसू. बलाई ल्या तेसले."

दुपारी अक्का ठाण्यात आल्या त्या रिक्षातून. आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे मी फिर्यादीला, म्हणजे त्यांच्या नवऱ्यालाही, बोलावून घेतलं होतं. त्यांच्यासमोर अक्कांनी जबाब दिला, न अडखळता. पाटल्या माझ्या माहेरच्या, मी माझ्या लेकीला दिल्या, हा माणूस निर्दोष आहे. मग उठून कोठडीपाशी गेल्या आणि ड्रायव्हरला हात जोडले. तो बिचारा "अक्का, असं करू नका" म्हणत मागे सरकत राहिला. मालकांनी छत्री उचलली आणि उन्हात पायी निघून गेले.

ड्रायव्हरला सोडल्याचा अहवाल न्यायालयाला गेला. गैरसमजातून दिलेली फिर्याद म्हणून प्रकरण बंद झालं. त्याच्या घरी मी स्वतः गेलो आणि त्याच्या बायकोला खरं काय ते सांगितलं. कायद्यात हे काम कुठे लिहिलेलं नाही, पण आमच्याच ठाण्यातून निघालेली घाण होती ती.

काही दिवसांनी जप्त केलेली गाडी परत न्यायला मालक आले. बरोबर ड्रायव्हर होता. त्याला कामावर ठेवलं होतं, एवढं दिसलं. पावतीवर सही झाल्यावर मुद्देमाल कारकुनाने फळी आणि दोर आणून टेबलावर ठेवला. मालकांनी ते लगेच उचललं नाही. मग दोर हातात घेतला आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाचपत गेले. जागोजागी ओढून पाहिला. ड्रायव्हरकडे न बघता विचारलं, "फांदी मजबूत व्हती का रे?"

"व्हती, भाऊ. पहिले मी सोता बसनू, मंग ताईले बसाडं."

मालकांनी मान हलवली. फळी त्यांनी ड्रायव्हरला डिकीत ठेवू दिली नाही. मांडीवर घेऊन मागच्या सीटवर बसले.

त्या घरात पुढे काय झालं ते मी विचारलं नाही. माझा तपास संपला होता. खात्यात गप्प बसणाऱ्या आरोपीला पक्का गुन्हेगार समजतात. मीही तसंच शिकलो होतो आणि बऱ्याच वेळा ते खरंही ठरलं. पण त्या प्रकरणानंतर कोणी तोंड मिटून बसला, की तो काय लपवतोय याच्या आधी कोणाला झाकतोय, हे शोधायची सवय लागली. ती नोकरीभर उपयोगी पडली.

दुसरी सवय घरची. माझीही लेक आखाजीला येते. अंगणातल्या लिंबाला झोका मीच बांधतो, आणि ती बसायच्या आधी एकदा स्वतः बसून पाहतो. या वयात, या वजनाने, म्हणून बायको हसते. मी दोर एकदा ओढून पाहतो आणि लेकीला बसवतो.