कड्याला लटकलेला चिनी तरुण

नव्वदीच्या दशकात शिरड शहापूरला आमच्या विहाराच्या ओसरीत मी बायकांचा साक्षरता वर्ग घ्यायचे. वेळ दुपारची, जेवणं उरकल्यावरची. त्यामुळे अर्ध्या बायका मांडीवर पाटी घेऊन डुलक्या काढायच्या आणि उरलेल्या यायच्याच नाहीत. माझा जीव तुटायचा तो एका कोवळ्या सुनेसाठी. तिला दिवस गेले होते. बाळंतपणाला माहेरी, कनेरगाव नाक्याला, जाण्याआधी लिहायला शिकायचं असा तिचा हट्ट होता. तिची माहेरची पत्रं दीर लिहायचा आणि त्यातल्या तक्रारी तेवढ्या नेमक्या गाळायचा. पण सून येणार ती सासूसोबतच, आणि सासूला वर्गाचा भयंकर कंटाळा.

अशात वाचनालयातल्या एका जुन्या मासिकात चीनमधल्या गोष्टी सांगणाऱ्यांवर लेख सापडला. पूर्वी तिथले भिक्खू लोकांना धम्माच्या गोष्टी रंगवून सांगायचे. पुढे गोष्टी बाजारात आल्या, चहाच्या दुकानांत स्थिरावल्या, शेवटी रेडिओवरही गेल्या. सांगणारा एकटाच, सामान म्हणजे हातपंखा आणि लाकडी ठोकळा. पंखाच तलवार, पंखाच लेखणी. गोष्ट ऐन रंगात आली की ठोकळा आपटून गप्प बसायचं, पुढचं उद्या. मला वाटलं, सापडलं औषध.

ठोकळा नव्हता म्हणून आईचं कपडे बडवायचं धोपाटणं घेतलं. पहिल्या दिवशी ते इतक्या जोरात आपटलं की डुलकी काढणाऱ्या एक मावशी पाटीसकट उठून घराकडे निघाल्या. गोष्ट मी मनानंच रचायचे. एक चिनी तरुण, एक दुष्ट सरदार आणि अधूनमधून वाघ. अट एकच, आधी पाटीभर अक्षरं, मग गोष्ट. आठवड्यात ओसरी पुरेना. सासू सगळ्यांच्या आधी येऊन बसायची. सुनेचा काना राहिला तर माझ्याआधी तीच डाफरायची, कारण गोष्टीला उशीर व्हायचा.

माझ्या डोक्यात मात्र हवा गेली. एका शुक्रवारी मी त्या तरुणाला कड्यावर एका मुळीला लटकवलं, खाली दरी, वर वाघ, आणि धोपाटणं आपटलं. तेव्हा सून हळूच म्हणाली की उद्या तिचा भाऊ न्यायला येणार आहे.

"बाई, लेकरू उद्या चाललं," सासू म्हणाली. "तेवढं पोरगं वर काढा."

"तसा नियम न्हाई," मी म्हणाले.

"कोनाचा नियम?"

"चीनचा."

सासू माझ्याकडे बघतच राहिली. सून पाटी पुसून निघून गेली. खरं सांगायचं तर पुढचं मी ठरवलंच नव्हतं आणि ते कबूल करायची लाज वाटली. नंतर फार वाईट वाटलं. जोडाक्षरं शिकायची राहिलीच होती, आणि बाळाच्या धबडग्यात आलेली अक्षरंही ती विसरणार, असं मी धरूनच चालले.

इकडे सासूनं वर्गात हुकूम काढला की सून परत येईस्तोवर त्या पोराला कुणी हात लावायचा नाही. मग त्याला तसाच लटकत ठेवून मी दुसरी गोष्ट सुरू केली.

तीन-चार महिन्यांनी माझ्या नावानं पोस्टकार्ड आलं. अक्षरं हरभऱ्याएवढी, ओळी वर वर चढत गेलेल्या. लिहिलं होतं, "बाई पोरगं वर आलं का. वाघ कुठं गेला. झोप लागत नाही." आणि जागा संपली म्हणून अगदी कडेला, आडवं, "मला मुलगी झाली."

मला रडूच कोसळलं. तशीच उठून पोस्टात गेले, कार्ड घेतलं आणि तिथंच उभ्यानं, तिला वाचता येईल अशा मोठ्या अक्षरांत लिहिलं, "पोरगं वर आलं. वाघ पळाला. तू झोप."