कळवणचे कार्ड

प्रिय ईशा आणि रोहन, या वर्षी तुम्हाला माझे दिवाळीचे कार्ड येणार नाही. तुमच्या आईने फोनवर विचारले, "पोस्टात अडकलं का?" अडकलेले नाही, मी ते पाठवलेच नाही. ज्या घरात माणूस गेले त्या घरातून वर्षभर शुभेच्छा जात नाहीत आणि त्या घरी कोणी पाठवतही नाही. अक्काआजी गेल्या त्याला आज सहा आठवडे झाले. सकाळी चहा घेऊन "जरा पडते" म्हणाल्या, आणि दहाच्या सुमारास मी जेवायला हाक मारली तेव्हा ती हाक त्यांच्यापर्यंत पोहोचलीच नाही... हे तुम्हाला लिहिते आहे आणि वर्तमानपत्राच्या पुरवणीलाही देते आहे. माझ्या एका चुकीचा दोष त्यांनी चार नातेवाइकांसमोर स्वतःच्या अंगावर घेतला होता. तेच नातेवाईक ही पुरवणी वाचतात. तेव्हा खरे काय ते इथेच सांगणे बरे.

अक्काआजी म्हणजे तुमच्या आजोबांची थोरली बहीण. लग्न होऊन कळवणला गेल्या, त्याच वर्षी त्यांच्या चुलत दिराचेही लग्न झाले. त्या दिराची बायको म्हणजे शांताबाई. दोघी एका अंगणात नव्या नवऱ्या म्हणून आल्या, आणि एकीला माहेरची आठवण आली की रडायच्या दोघी. पुढे अक्काआजींचे यजमान लवकर गेले आणि आजोबांनी त्यांना एकलहऱ्याला, आमच्या वीज केंद्राच्या कॉलनीत आणले. चौथीपर्यंत शिकलेल्या, पण सगळ्या गोताचे पत्ते तोंडपाठ. आलेले प्रत्येक पत्र त्या स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या तारेला टोचून ठेवायच्या. कोणाची बदली कुठे झाली, कोणाच्या सुनेला दिवस गेलेत, कोण कोणाशी बोलत नाही, सगळे त्या तारेवर आणि त्यांच्या डोक्यात. मी शाळेत इंग्रजी शिकवत होते, मला हे चालायचे नाही. कॉलनीतली माणसे बदलीने राज्यभर पांगली आणि दिवाळीची कार्डे शंभराच्या पुढे गेली, तेव्हा मी बुटांच्या खोक्यात एकेका घराचे कार्ड करून एबीसीडीच्या क्रमाने लावले. अक्काआजी तारेवरचे पत्ते मला देत बसल्या आणि म्हणाल्या, "मालती, माणसं काय खोक्यात राहतात होय गं?" आजोबा हसले. मला राग आला. मी एक नियम केला: पत्ता बदलला, लग्न झाले, काहीही झाले तरी तोंडी सांगायचे नाही, चिठ्ठी लिहून खोक्यात टाकायची.

नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे. आजोबा निवृत्त झाले होते आणि आम्ही नाशिकरोडच्या या घरात राहायला आलो होतो. दिवाळीला आठ-दहा दिवस होते. जेवणाच्या टेबलावर कार्डांचे गठ्ठे होते, मी तिकिटे चिकटवत होते, कारण संध्याकाळच्या टपालाने सगळे जायला हवे होते. दुपारी पोस्टमन आला, अक्काआजींनी एक पोस्टकार्ड वाचले, उभ्या उभ्या फाडले आणि न्हाणीघरात गेल्या. कोणी गेल्याचे पत्र घरात ठेवायचे नसते, ते तारेवर चढत नाही, हे तुम्हाला ठाऊक नसेल. डोक्यावरून आंघोळ करून त्या ओल्या केसांनी माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या.

"मालती, कळवणचे भाऊजी गेले. शांताचे. ते तुझ्या खोक्यात..."

"अक्का, मी आता मोजणीत आहे. चिठ्ठी लिहून टाका ना."

"मेलेल्या माणसाचं नाव दिवाळीच्या कार्डांत लिहून ठेवू?"

माझे लक्ष पिनकोडकडे होते. त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि आत गेल्या. साडेचारला मी पिशवी भरून निघाले आणि कोपऱ्यावरच्या लाल पेटीत सगळी कार्डे टाकली. त्यात कळवणचेही होते, माझ्या ठळक इंग्रजी अक्षरांत श्री. आणि सौ. अशा पत्त्याचे, आणि आत छापलेले, ही दिवाळी आपणा उभयतांना सुखाची जावो.

पाच वाजता आजोबा फिरून आले. चहाचा कप हातात देताना अक्काआजी म्हणाल्या, "कळवणचे भाऊजी गेले रे. कार्ड आलं दुपारी."

माझ्या हातातली किटली टेबलावर आपटली. "अहो, ते कार्ड गेलं!"

आजोबांनी चप्पलसुद्धा घातली नाही. आम्ही दोघे कोपऱ्यापर्यंत जवळजवळ धावलो. खाकी कपड्यातला माणूस पेटी उघडून टपाल थैलीत ओतत होता. माझे पांढरे लिफाफे मला दिसत होते, हात घातला असता तर पोहोचला असता. मी म्हणाले, "भाऊ, त्यातलं एकच द्या. घरात मयत झालंय त्यांच्या."

"बाई, पेटीत पडलं की ते तुमचं राहत नाही. उद्या ऑफिसात अर्ज द्या."

"उद्यापर्यंत ते पुढे जाईल हो!"

"मग मी काय करू? माझी नोकरी घालवता का?" त्याने थैलीचे तोंड आवळले, सायकलला अडकवली आणि तो गेला.

घरी आलो. अक्काआजी दारातच होत्या. आजोबांनी विचारले, "अक्का, हिला सांगायचं नाही का वेळेवर?"

"सांगितलं की. दुपारीच सांगितलं."

आणि मुलांनो, मी म्हणाले, "मला नाही सांगितलंत."

विसरले असते तर हे पत्र लिहिलेच नसते. मला सगळे आठवत होते. त्यांचे केस अजून पुरते वाळलेसुद्धा नव्हते. पण तो नियम माझा होता, खोके माझे होते, आणि गेली कित्येक वर्षे मी सगळ्यांना सांगत आले होते की माझ्या कामात चूक होत नाही... अक्काआजींनी माझ्याकडे पाहिले. मला वाटले, आता भांडतील. त्या इतकेच म्हणाल्या, "कळवणची पहिली एसटी कितीला असते रे?"

गुडघ्यांमुळे त्यांना जिना उतरवत नव्हता. तरी पहाटे एकट्या गेल्या. माझ्या कार्डाच्या आधी त्यांना तिथे पोहोचायचे होते. दोन दिवस त्या शांताबाईंच्या कापडदुकानाच्या पायरीवर पोस्टमनची वाट पाहत बसून होत्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटे, बाई दुःखाने आत जात नाहीत. इकडे मी दोन दिवस फोनजवळून हलले नाही. आजोबा माझ्याशी कामापुरते बोलत होते. तिसऱ्या दिवशी अक्काआजी परत आल्या, पाय सुजलेले. पिशवी खाली ठेवून म्हणाल्या, "पाणी प्यायला आत गेले, तेवढ्यात आला मेला. शांताच्या पोराच्या हातात पडलं. त्यानं भेटायला आलेल्या माणसांसमोर मोठ्यांदा वाचलं."

"मग?"

"मग काय! मी म्हटलं, चूक माझी. मालतीला सांगायचं राहून गेलं." पाय चोळत म्हणाल्या, "आता कळवण काढून टाक तुझ्या खोक्यातून. शांता बोलत नाही माझ्याशी."

मी तेव्हा तरी बोलायला हवे होते. मी पाणी तापवले, त्यांचे पाय शेकले, पण बोलले नाही. नंतर शांताबाईंच्या घरी लग्ने झाली, बारशी झाली, इथे आमंत्रण आले नाही. एका लग्नाची बातमी तर अक्काआजींना भाजीवालीकडून कळली. दरवर्षी दिवाळीच्या आधी त्या माझ्यासमोर बसून तिकिटे चिकटवायच्या आणि गठ्ठा बांधताना विचारायच्या, "कळवणचं नाही ना यात?" मी म्हणायचे, "नाही." माझ्या प्रत्येक "नाही"ला त्या मान हलवायच्या. आजोबा गेल्यावर घरात आम्ही दोघीच उरलो, तरी मला ते शब्द जमले नाहीत. रोज सोबत चहा घेणाऱ्या माणसापुढे जुने खोटे कबूल करायचे कसे... आणि मग एका सकाळी त्या "जरा पडते" म्हणाल्या.

तेरावे झाल्यावर मी भाड्याची गाडी केली आणि कळवणला गेले. पोस्टकार्ड टाकायचे नाही असे ठरवले होते. शांताबाई दुकानामागच्या खोलीत खाटेवर बसल्या होत्या. मी कोण ते त्यांच्या सुनेने कानाशी ओरडून सांगितले. मी जवळ बसले, अक्का गेल्याचे सांगितले, आणि मग ते कार्ड, ती दुपार, ओले केस, सगळे सांगितले. माझाच आवाज मला अनोळखी वाटत होता. शांताबाई माझ्याकडे पाहत राहिल्या. मला वाटले, ऐकू गेले नाही.

"मला ठाऊक व्हतं," त्या म्हणाल्या.

"कसं?"

"तिनं त्याच दुपारी मला कार्ड टाकलं व्हतं. दूधवाल्याच्या हातनं टाकलं असंल. तुमचं आन तिचं, दोन्ही एकाच टपालानं आलं. तिच्यात लिवलेलं, मालतीला सांगितलं, यंदा आमच्याकडं पन दिवा नाय. आन ही माझ्या तोंडावर म्हनती, मालतीला सांगायचं राहिलं!"

"मग राग माझ्यावर यायला हवा होता."

"तुमचा कशाला? तुमी परक्या. राग तिचा आला. लगीन होऊन आलो तवापासून एकमेकीला खोटं बोललो नाय आमी. त्या दिवशी बोलली, भावजयीसाठी. मी मनात म्हनलं, आता हिची ती सख्खी. आपन नाय." त्यांनी पदर तोंडाला लावला. "तुमी एकदा येऊन एवढं सांगितलं असतं ना, मी त्याच गाडीत बसून आले असते."

सुनेने चहा आणला, तो निवून गेला. निघताना शांताबाईंनी माझा हात धरून ठेवला आणि विचारले, "शेवटाला पाय लय दुखत व्हते का तिचे?" मी म्हणाले, हो. त्यांनी मान हलवली, हात मात्र सोडला नाही.

त्यानंतर आमचे दोनदा फोन झाले. मला फार मोठ्याने बोलावे लागते, त्यांना पाऊण ऐकू येत नाही. पण बोलायला लागल्या की त्या थांबत नाहीत. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी दोघींनी मिळून सासूच्या नकळत काय काय केले ते सांगतात, आणि मी इतकी वर्षे एका घरात राहिलेल्या बाईबद्दल नवे काही ऐकते. अक्काआजींना सोळाव्या वर्षापासून ओळखणारे माणूस अजून आहे. ते कळवणला आहे, आणि माझ्याशी बोलते.