फेलिसा कोण?

मृतांचा दिवस जवळ आला की इलोइलो शहरातल्या अरेवालोच्या चौकात तोर्क्वाताला मान वर करायला फुरसत नसे. बांबूच्या कड्यांवर शेवंती बांधायची, वर सॅटिनची पट्टी, पट्टीवर देणाऱ्याचं नाव. पन्नासेक वर्षं हेच. अख्खं कबरस्तान तिच्या हातच्या फुलांनी सजायचं, आणि तिच्या सख्ख्या आईचं थडगं तेवढं बोडकं राहायचं. लोक बोलायचे. बोलणारच की!

शेजारी मेणबत्त्या विकणारी पासिंग तर तोंडावरच सुनवायची. "गावच्या मेलेल्यांना नटवतेस, आणि आईला साधी मेणबत्ती नाही? घे, फुकट देते. पण लाव बाई!"

"ठेव तुझ्यापाशी. तिला हवी असली तर तिची फेलिसा आणून लावील."

ही फेलिसा कोण, ते तोर्क्वातालाही ठाऊक नव्हतं. तेच तर तिचं दुखणं होतं.

आई, एउलालिया, लोकांचे अर्ज टाइप करून पोट भरायची. बाप समुद्रात बुडून गेलेला. तोर्क्वाता अगदी लहान असताना आई तिला घेऊन समोरच्या गिमारास बेटावरून इथं आली. लेकीला आठवायची ती आईची पाठ. यंत्राचं खडखड, आणि पाठ. शेजारणी आपापल्या पोरींना 'इंदाय, इंदाय' करून जवळ घ्यायच्या. हिच्या आईनं एकदासुद्धा इंदाय म्हटलं नाही, कधी केसांवरून हात फिरवला नाही. आणि नाव तरी काय ठेवलं? तोर्क्वाता! नावाच्या खरखरीवरून शाळेतली पोरं चिडवायची, आली बघा गंजकी करवत. ती 'नानाय, नानाय' करत आईकडे रडत यायची, आणि आई मान न वळवता म्हणायची, "असू दे. नाव वाईट असलेलंच बरं."

पुढे आई अंथरुणाला खिळली. लेकीनं हागणं-मुतणं काढलं, पेज भरवली. वाटायचं, आता तरी एक शब्द गोड बोलेल. शेवटच्या दुपारी आईनं डोळे उघडले, हात पुढे केला आणि हाक मारली, "फेलिसा! ये गं इंदाय, जवळ ये."

इंदाय! आणि तेही दुसऱ्याच कुणाला! तोर्क्वाताच्या अंगाचा तिळपापड झाला. "इथं कुणी फेलिसा नाही," असं म्हणून ती भांडी घासायला निघून गेली. परत आली तेव्हा हात तसाच पुढे होता आणि आई संपली होती. आईला आणखी एक लेक होती, तीच लाडकी होती, हे तेव्हापासून तिच्या मनानं घेतलं.

या वर्षी सणाच्या आधी कॉलेजातली एक तरुण बाई तिच्या दुकानापुढं धापा टाकत आली. मेर्लिंडा तिचं नाव. "नांग तोर, अहो मावशी, तुम्हाला माहितेय का, तुमची आई म्हणजे बुलान!"

"कोण बुलान? आमच्याकडे अर्ज टाइप व्हायचे बाई."

"अर्ज झाले की कादंबऱ्या! साप्ताहिकात यायच्या. सगळं इलोइलो वाट बघायचं. आम्ही त्या शिकवतो, पण बुलान हे कुणाचं टोपणनाव, हेच कळत नव्हतं. छापखान्यातल्या एका म्हाताऱ्यानं परवा सांगितलं."

"अस्सं! जगाशी बोलायला वेळ होता म्हणायचा. घरातल्या पोरीशी तेवढा नव्हता." तोर्क्वातानं फूल करकचून बांधलं. "वाच काय वाचायचं ते. मला मोतीबिंदू आहे, आणि हात रिकामे नाहीत."

मेर्लिंडा स्टुलावर बसून वाचू लागली. गिमारासमधली एक विधवा. तिची तान्ही पोर दिव्यावर पडून मनगट भाजून घेते, मग तापानं फणफणते. वैदू धुरी देऊन सांगतो, 'झाडांत राहणाऱ्या न दिसणाऱ्यांना ही आवडलीय. गोड नाव टाकून दे, वाईट नाव ठेव. बेट सोड. आणि जन्मभर हिला कुरवाळू नकोस. आईचा जीव जिच्यात दिसतो, तिलाच ते नेतात.' आई म्हणते, माझ्यानं नाही व्हायचं. पोरीला छातीशी धरून नावानं हाका मारत राहते. आणि उजाडता उजाडता फेलिसा मरते.

तोर्क्वाताचे हात थांबले.

मेर्लिंडानं नाक पुसलं. "हे छापून आलं तेव्हा इथल्या बायकांनी फेलिसासाठी खरोखरची नऊ दिवसांची प्रार्थना केली होती म्हणे. कादंबरीतल्या पोरीसाठी!"

ती प्रार्थना तोर्क्वाताला आठवत होती. बायका रडत होत्या, आणि ती कोपऱ्यात बसून पानात उकडलेला चिकट भात साखर लावून खात होती. कोण मेलंय ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. आई तेवढी दार लावून आत बसली होती.

तिनं बाही वर केली. मनगटावरचा भाजल्याचा डाग तिथंच होता. कशाचा, हे विचारलं की आई विषय बदलायची.

"लिहिलंय किती खरं, नाही?" मेर्लिंडा म्हणाली. "पण अशी वेळ खऱ्या आईवर आली असती तर?"

"खऱ्या आईनं वैदूचं ऐकलं," तोर्क्वाता म्हणाली आणि भर चौकात, गिऱ्हाइकांसमोर, हमसून हमसून रडायला लागली. मेर्लिंडा घाबरून पाणी आणायला धावली.

सणाच्या दिवशी तिनं सगळ्यात मोठं पुष्पचक्र बांधलं. नीट दिसत नाही म्हणून पट्टी पासिंगपुढे धरली. "लिही, फेलिसाकडून."

"अगं, पण ही तुझी फेलिसा आहे तरी कोण?"

"मी."

 पासिंगनं नाव लिहिलं आणि एक मेणबत्ती पुढे केली. तोर्क्वातानं ती मुकाट्यानं घेतली.

कबरस्तानात जत्रेची गर्दी होती. घराघराची माणसं आपापल्या थडग्यांवर चटया टाकून जेवत होती, पोरं वितळलेलं मेण गोळा करत होती. आईच्या थडग्यावरचं गवत कमरेएवढं वाढलं होतं. तिनं ते हातांनीच उपटलं, चक्र ठेवलं, मेणबत्ती लावली. मग त्या थंड सिमेंटवर हात ठेवून म्हणाली, "नानाय, इथंच होते गं मी."