उतरता खांदा

आमच्या ताईने विहीणबाईंवर डूख धरला आणि मी म्हणते, बरं केलं. आम्ही दोघी बहिणी शिलाईचं दुकान चालवतो. ती बेतते, शिवते. मी काज-बटणं करते आणि तोंडाचा पट्टा चालवते.

ताईला खोकला लागला, जिना चढताना धाप लागू लागली. गल्लीतल्या डॉक्टरने छातीचा एक्स-रे काढला, दोन्ही बाजूंना गाठी पाहिल्या आणि टीबी सांगून मोकळा झाला. थुंकी तपासायचं नावही नाही. ट्रायल न घेता पक्की शिलाई मारणारा शिंपी आमच्या धंद्यात टिकला नसता.

त्याच सुमारास ताईला नात झाली. विहीणबाईंनी लेक, जावई, बाळ तिघांना आपल्या घरी नेलं. ताई गेली तर दाराबाहेर खुर्ची टाकली आणि बाळ खिडकीच्या काचेतून दाखवलं. वर ओळखीपाळखीत सगळ्यांना सावधही केलं, त्यामुळे आमची गिऱ्हाइकं तुटली. माझा भाचा सासूपुढे मूग गिळून बसला. ताई रडली नाही. मशीनवर बसली आणि म्हणाली, "या बाईला मी सोडणार नाही."

गोळ्यांनी काही फरक पडेना, तेव्हा मी तिला ओढतच मोठ्या दवाखान्यात नेलं. छातीच्या डॉक्टरीणबाई तरुण, पण घाई नसलेल्या. त्यांनी ताईचे लाल डोळे पाहिले, नडगीवरच्या दुखऱ्या गाठी चाचपल्या, थुंकी तपासायला दिली. ती स्वच्छ निघाली. मग घशातून बारीक नळी घालून फुप्फुसाचा कणभर तुकडा काढला. त्यातही टीबीचे जंतू नव्हते. सार्कॉइडोसिस, असं त्या म्हणाल्या. शरीराची राखण करणाऱ्या पेशीच फुप्फुसात घोळके करून बसतात. का, ते कुणालाच नक्की माहीत नाही.

ताईने एकच विचारलं, "नातीला लागेल?"

"कुणालाच लागत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या. त्या मनाने एकदम थांबवायच्या नाहीत, हळूहळूच कमी करायच्या, हे त्यांनी बजावून सांगितलं. ताईचं तोंड सुजलं, झोप उडाली, पण धाप गेली. विहीणबाईंना कळवलं तर म्हणे, असेल, पण पोर लहान आहे, उगाच धोका कशाला.

आता त्यांचं गुपित सांगते. विहीणबाईंचा डावा खांदा चांगलाच उतरता आहे. त्या आमच्या जुन्या गिऱ्हाईक, सोयरीकही तिथूनच जुळली. ताई त्यांच्या प्रत्येक कपड्यात डावीकडे अशा हाताने पॅड बसवते की कुणाला पत्ता लागत नाही. दुसऱ्या कुणाला ते जमलेलं नाही. म्हणून स्वतःच्या मुलाच्या लग्नासाठी बाई मुकाट्याने माप द्यायला आल्या. जंतू तर नव्हतेच. ताई त्यांच्या गळ्याशी टेप धरून मुद्दाम खोकली. बाई पांढऱ्याफटक पडल्या, पण हलल्या नाहीत. मी पोटभर हसून घेतलं.

ट्रायलला पॅड कच्च्या टाक्यांवर होतं. नंतर ताईने ते उसवून काढलं आणि ड्रेस लग्नाच्या सकाळी पाठवला. दुसरं काही घालायला वेळच उरला नाही. हॉलमध्ये जो तो विचारत होता, खांद्याला काय झालं? मी जेवले नव्हते, तरी पोट भरलं.

मग ताईने नातीपुढे हात केले. पोरीने ते सुजलेलं तोंड पाहिलं, किंचाळली आणि आजीला, म्हणजे विहीणबाईंना, बिलगली. त्या उतरत्या खांद्यावर डोकं टेकलं आणि लगेच झोपली. वर्षभर ती तिथेच झोपत आली होती. ताईचे हात तसेच पुढे राहिले. मला तिच्याकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी विहीणबाई ड्रेस घेऊन दुकानात आल्या. "मुद्दाम केलंत."

"हो," ताई म्हणाली. "पॅड लावून देते. ट्रायलला पोरीला आणायचं."

"आणि नाही आणलं तर?"

"मग असंच घाला."

तेव्हापासून त्या दर आठवड्याला येतात, पोरीला घेऊन. ताई कच्चे टाके घालते, नाक मुरडते, उसवते, पुन्हा बोलावते. पोर आधी चिंध्यांच्या ढिगात बसायची. मग माझ्याकडे आली. काल ताईच्या मांडीवर बसून टेप चघळत होती.

"हे काम संपणार कधी?" विहीणबाईंनी विचारलं.

ताईने तोंडातल्या टाचण्या काढल्या. "एकदम थांबवून चालत नाही, विहीणबाई. हळूहळू." आणि डाव्या खांद्याचा टाका उसवला.