काळी काच, पिवळी काच

आमच्या घराण्यात आजवर कुणी स्कीइंग केलेलं नाही आणि पुढे कुणी करेल अशी लक्षणंही नाहीत. तरीही आचोळ्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये कपाटावर स्कीचा गॉगल आहे, आणि तो आणला माझ्या बाबांसाठी.

बाबांची राजोडीजवळ केळी आणि सोनचाफ्याची वाडी आहे. काचबिंदूने त्यांचा उजवा डोळा पूर्वीच गेला. मागच्या दिवाळीनंतर डॉक्टर म्हणाले की डाव्या डोळ्यातही आता मधलंच थोडं शिल्लक आहे आणि ते किती टिकेल सांगता येत नाही. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "मग बर्फ बघून घेतो." या माणसाने आयुष्यात कधी काही मागितलं नाही. नवा सदरासुद्धा आम्हीच मागे लागून घ्यायला लावायचा. आणि शेवटी मागितलं काय, तर बर्फ. परतताना रिक्षात मी त्यांच्यावरच चिडले. चिडले नसते तर रडले असते.

डॉक्टरांनी फेब्रुवारीत जायला परवानगी दिली, पण अट घातली. बर्फावरून उलटून येणारा उजेड या डोळ्याला सोसणार नाही, तेव्हा चारी बाजूंनी बंद असलेला स्कीचा गॉगल घ्या आणि बर्फावर असेपर्यंत तो काढू नका.

आमचे हे बँकेतून निवृत्त झालेले. अटी वाचल्याशिवाय ते साधी टॉर्चसुद्धा घेत नाहीत. त्यांनी गॉगलचा असा अभ्यास केला की जणू यांनाच डोंगरावरून उडी मारायची होती. चष्म्यावरून बसणारा हवा. काच दुहेरी हवी, म्हणजे आतून वाफ धरत नाही. शिवाय काच बदलता यायला हवी. लख्ख उन्हासाठी काळी काच. ढगाळ हवेसाठी पिवळी, कारण ढगात कशाचीच सावली पडत नाही आणि पांढऱ्यावर पांढरं, खड्डा कुठला नि उंचवटा कुठला ते कळत नाही. हे सगळं त्यांनी मला दोनदा वाचून दाखवलं. मी भाजी निवडत होते, पण ऐकत होते.

गॉगल आला तो दोन्ही काचांसकट. बर्फ नाही तर नाही, निदान उजेड तरी असावा म्हणून आम्ही बाबांना भर दुपारी राजोडीच्या किनाऱ्यावर नेलं. धोतर, सदरा, खांद्यावर पंचा आणि डोळ्यांवर तो भला मोठा गॉगल. सहलीला आलेल्या एका मुलीने विचारलं, "अंकल, ही राइड कुठे आहे?" हे म्हणाले, "अजून सुरू व्हायचीय." आणि आम्ही पुढे गेलो.

काळी काच बाबांना पसंत पडली. "गार वाटतं," म्हणाले. पिवळी लावल्यावर म्हणाले, "डोळ्यात जातंय. आणि सगळ्या गावाला कावीळ झाल्यासारखं दिसतं." (बोलले आमच्या घरच्या बोलीत. ती लिहायला बसले तर निम्म्या लोकांना समजायची नाही.)

"ती ढगांसाठी आहे, बाबा."

"फेब्रुवारीत कसले ढग?"

आमच्या वसईत दसरा-दिवाळीला ढग जातात ते जूनला येतात. मधे एखादा चुकार ढग आला तर माणसं आधी आंब्याच्या मोहोराकडे बघतात. बाबांनी जन्मभर हेच आभाळ पाहिलं, मीही त्याच आभाळाखाली वाढले. मला पटलं. यांनासुद्धा पटलं, एवढा अभ्यास करून. पिवळी काच डब्यात घालून कपाटावर ठेवली आणि आम्ही बर्फ बघायला उत्तराखंडात औलीला गेलो.

औलीत ऐन फेब्रुवारीत आभाळभर ढग होते. वर पांढरं, खाली पांढरं. मला तिथल्या दुकानात भाड्याने एक गॉगल मिळाला, ओरखडे पडलेला, पिवळाच, आणि त्याच्या पट्ट्याला कुणाच्या तरी डोक्याच्या तेलाचा वास. नाक मुरडून मी तो चढवला. पुढे बर्फाचे उंचवटे, कुणाची पावलं, लांबवर झाडं. सुंदर होतं, उगाच कशाला नाही म्हणू. हे चहा आणायला गेले. मी बाबांचा हात धरून म्हटलं, "बघा, बघा."

बाबा पावलागणिक थांबू लागले. मला वाटलं, भारावलेत. थोड्या वेळाने वाटलं, गारठलेत. मग लक्षात आलं की माझं कोपर त्यांनी घट्ट धरलंय आणि पाऊल चाचपून टाकतायत.

"काय होतंय?"

"गेला," ते हळूच म्हणाले. "तू नुसती सावली दिसतेस. बाकी काही नाही. जावयांना सांगू नको, खर्च करून आलेत."

इथवर आणलं आणि इथेच गेला. आणि हा माणूस जावयाच्या खर्चाची काळजी करतोय. "आधी का नाही सांगितलंत?" मी ओरडले. माझा आवाज चढला की घरात भांडी हलतात, तिथे काहीच हललं नाही.

काय करावं सुचेना, म्हणून म्हटलं, "डोळे मिटा. गच्च." त्यांचा गॉगल काढून मी माझ्या डोळ्यांवर लावला.

मलाही काही दिसेना. पुढे नुसतं राखाडी. बाबांकडे पाहिलं तर एक सावली.

मी तिथेच बर्फात फतकल मारून बसले आणि मोठ्याने रडले. आनंद झाला होता. कधी नव्हे एवढा आनंद झाला होता, आणि तो मला तसाच करता येतो. मग उठून माझा तेलकट पिवळा गॉगल त्यांच्या चष्म्यावरून बसवला. "उघडा आता."

त्यांनी मान सावकाश फिरवली. डोळ्यात शिल्लक असलेली मधली जागा त्यांना एकेका गोष्टीवर नेऊन ठेवावी लागते.

"ती पावलं," ते म्हणाले. "तिथे खड्डा आहे. ती झाडं." बराच वेळ बघत राहिले. मग मान माझ्याकडे वळली आणि थांबली.

"नाक पूस आधी," ते म्हणाले.

मी नाही पुसलं. म्हटलं, दिसू दे.