साडेअकरा आणि पन्नास मिनिटं

सव्वीस वर्षं एकाच रस्त्यावर बस हाकली, म्हणून त्याला सगळे ‘साडेअकरा’च म्हणत. या शहरातून थोरल्या भावाच्या शहरात सहाशे बारा किलोमीटर, साडेअकरा तास. पाच मिनिटं इकडं नाही की तिकडं नाही.

सुट्टीच्या दिवशी पहाटे लेकीनं त्याला गदागदा हलवलं. “बाबा, काकांना अॅडमिट केलंय. दुपारी एकला पोटाचं मोठं ऑपरेशन आहे. त्याआधी तुम्हाला भेटायचंय म्हणतात.”

“एकला? अगं, मला पोचायलाच अंधार पडेल!”

“विमानाचं तिकीट काढलंय. नऊ चाळीसचं. पन्नास मिनिटं लागतात.”

“पन्नास मिनिटं कशाला?”

“पोचायला.”

तो आ वासून बघतच राहिला. लेकीनं फोनवर नकाशा दाखवला. रस्ता अख्ख्या डोंगराला वळसा घालून जात होता. सरळ रेघ मारली तर जेमतेम तीनशे सत्तर. ज्या घाटानं त्याच्या कंबरेचे मणके ढिले केले, तो म्हणे चहा पिता पिता खालून निघून जातो!

“पोरी, थट्टा करतेस काय?”

“बाबा, आठच्या आत विमानतळावर पोचा,” एवढं बजावून ती ड्यूटीला पळाली.

आठच्या आत? गाडी नऊ चाळीसची! गाडी सुटण्याआधी पंधरा मिनिटं जायचं, टायर ठोकून बघायचे, बसायचं, सोडायची. तो दाढी घोटून, इस्त्रीचा शर्ट चढवून बरोबर नऊ पंचवीसला काउंटरवर हजर.

“काका, काउंटर बंद झाला,” तिथली मुलगी म्हणाली.

“अजून पंधरा मिनिटं आहेत की!”

“चाळीस मिनिटं आधीच बंद होतो.”

“अहो, ते काय समोर उभं आहे! पायलटला सांगा, भाऊ आजारी आहे. एक दार उघडायला काय जातं?”

“पायलटच्या हातात नसतं, काका.”

“मग तो कसला ड्रायव्हर!”

ती हसली नाही. पुढचं विमान थेट दुसऱ्या दिवशी सकाळचं होतं. काचेपलीकडं विमान हळूच मागं सरकलं, वळलं आणि त्याला न घेता गेलं.  त्यानं भिंतीला टेकून फोन लावला.

“दादा, विमान चुकलं.”

 पलीकडून कण्हत कण्हत हसू आलं. “तुझं? गाढवा, तुझं?”

“दादा, मी येईपर्यंत...”

“आता अकराची बस धर. आणि हे बघ, तू साडेदहालाच समोर उभा ठाकला असतास ना, तर मीच घाबरलो असतो. म्हटलं असतं, आपलं काही खरं नाही.”

“काय सांगायचं होतं?”

“येशील तेव्हा सांगीन.”

तो अकराच्या बसमध्ये चढला. खिडकीशी बसून उजवा पाय नुसताच फरशीवर दाबत राहिला. एक वाजला, दोन वाजले, चार वाजले. त्यानं ना खाल्लं, ना पाणी प्यालं.

दिवेलागणीला वहिनीचा फोन आला. “भाऊजी, डोळे उघडलेत. पहिलं काय विचारलं माहीत आहे? कुठवर आलाय तो?”

त्यानं बाहेर पाहिलं. झाडं, एक पूल, बंद दुकानं. या रस्त्याचा खड्डा न् खड्डा ओळखणाऱ्या माणसाला काही म्हणजे काही ओळखू येईना.

“अरे,” तो ड्रायव्हरला म्हणाला, “आपण कुठं आहोत?”

ड्रायव्हरनं गर्रकन मान वळवून त्याच्याकडं पाहिलं. “साडेअकरा... तुम्ही मला विचारताय?”