दर्भाचा खलाशी

समोरून कोणी नवे कपडे घालून, हातात नारळ घेऊन येताना दिसलं, की भटजी छत्री उघडून तोंडापुढे धरत. ऊन नसलं, पाऊस नसला, तरीही. छत्रीआडून खाकरत आणि म्हणत, "माका बघूक नाय म्हणा, नि जावा."

ते किरवंत होते. म्हणजे माणूस गेल्यावरचे विधी तेवढे करणारे. शुभकार्याला निघालेल्या माणसाला ते आडवे आले, तर तो घरी परतून पाणी पिऊन पुन्हा निघे. असा एखादा माणूस तुमच्याही गावात तुम्ही पाहिला असेल. आपल्याला तो नको असतो, आणि एक दिवस त्याच्याच दारात जाऊन उभं राहावं लागतं.

मामलेदार कचेरीत कारकून म्हणून हजर व्हायला निघालो, तेव्हा मला पहिले भेटले ते हेच. मी म्हटलं, भटजी, छत्री मिटा, मला चालतं. आतून उत्तर आलं, "तुमका चालता, तुमच्या आवशीक चालाचा नाय." आणि खरंच, संध्याकाळी आईने माझी दृष्ट काढली.

एका कार्तिकात वादळ झालं आणि कौलं घेऊन येणारं गलबत बुडालं. बाकीच्या खलाशांची प्रेतं रेडीच्या बाजूला लागली. एकाचं लागलंच नाही. बुडालेल्यांच्या घरच्यांना सरकारने अंत्यविधीसाठी आणि पुढचे काही दिवस पोटापाण्यासाठी मदत मंजूर केली. इतरांना ती मिळाली, या एका घराचं अडलं. साहेबांचं म्हणणं साधं होतं, अंत्यविधीचा पंचनामा आणा आणि पैसे घेऊन जा.

प्रेत मिळालं नाही तर काय करायचं, याची सोय आपल्याकडे आहे. दर्भाचा पुतळा करतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात आणि त्याला अग्नी देतात. पण त्या खलाशाची बायको तयार नव्हती. नवरा पट्टीचा पोहणारा, कुठेतरी गोव्याच्या अंगाला लागला असेल, आज ना उद्या येईल, असं ती सगळ्यांना सांगे आणि रोज ठसठशीत कुंकू लावून दारात बसे. पोरं पेजेवर होती. दीर बिचारा दोन्ही घरं ओढून मेटाकुटीला आला होता.

मार्च संपत आला. वाटप न झालेली रक्कम परत जाणार होती. शेवटच्या दिवशी दिराने वहिनीला न विचारताच किनाऱ्यावरच्या मसणवटीत तयारी मांडली आणि भटजींना बोलावलं. अव्वल कारकून, तलाठी, पंच आणि पंचनामा लिहायला मी, असे आम्हीही जाऊन उभे राहिलो. वाळूवर पुतळा निजवलेला. आणि मसणवटीत बायका येत नाहीत, तिथे ती आली आणि पुतळ्याला खेटून बसली. उठेना.

उन्हं कलली होती. कचेरी बंद व्हायच्या आत पंचनामा पोचायला हवा होता. भटजी मांडीवर हात ठेवून बसलेले. अव्वल कारकून म्हणाले, सुरू करा. भटजी म्हणाले, "ती हो म्हणाक नाय."

दीर त्यांच्या पाया पडला. अव्वल कारकून भडकले, कुडाळहून दुसरा भट आणतो म्हणाले. कुडाळहून कोणी येईपर्यंत कचेरीला कुलूप लागेल, हे त्यांनाही कळत होतं. खरं सांगतो, मला भटजींचा संताप आला. पोरं उपाशी, सरकार पैसे घेऊन उभं, आणि ह्यांचं हे काय चाललंय? बरं, त्यांच्या स्वतःच्या घरी तरी कुठे रोज भात शिजत होता? पण ते हलले नाहीत.

शेवटी तीच बोलली.

"भटजीनु, आज ह्येका जाळलात, नि उद्या तो दारात येऊन उभो रवलो तर?"

"तर तेचा बारसा करूया," भटजी म्हणाले.

आम्ही चमकून पाहिलं. भटजी शांतपणे तिला समजावू लागले. "चेष्टा नाय गो. शास्त्रात आसा तां. मेलो म्हणान जाळलेलो माणूस परत इलो, तर तेचो नवो जन्म धरतत. तेका पाळण्यात घालतत, नाव ठेवतत, नि तेच्याच बायलेवांगडा परत लगीन लावतत. तो इलो तर मी येतलंय. अक्षता मी टाकतलंय."

त्यांनी जानव्याला हात लावला.

"तो पाळण्यात मावाचो नाय," ती म्हणाली, आणि हसता हसता तिला असं रडू फुटलं, की अव्वल कारकुनांनी समुद्राकडे तोंड फिरवलं.

मग थांबा म्हणून ती घराकडे गेली. येईपर्यंत आमचा जीव टांगणीला. आली तेव्हा कपाळ मोकळं होतं आणि हातात नवऱ्याचा सदरा होता. तो तिने स्वतःच्या हाताने पुतळ्याला घातला.

दिराने अग्नी दिला. मी सायकल अशी हाणली, की कचेरीच्या पायरीवर पडलोच. मदत मिळाली. त्यातली दक्षिणा भटजींनी न लाजता घेतली.

पुढे एकदा बाजारात मी त्यांची थट्टा केली, बारशाचे मंत्र तरी येतात का तुम्हाला? भटजी ओशाळले. "कोणी कधी बोलवूक नाय म्हणान इसरलंय होतंय," ते म्हणाले. "आता पाठ करतंय." मी त्यांचा हात हातात घेतला, भर बाजारात.

काही वर्षांनी श्रावणात भटजी गेले. त्यांना खांदा द्यायला माणसं जमेनात, म्हणून मीही गेलो. मसणवटीच्या वळणावर ती भिजत उभी होती. खांदा बदलून मी मागे राहिलो, तिरडी पुढे गेली, तसं तिने मला थांबवलं.

"भाऊसाहेब," ती म्हणाली, "आता तो इलो तर बारशाक कोणाक बोलवू?"